कावसजीचे नाक

इ. स. १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात एक पत्र प्रसिद्ध झाले. पत्राखाली 'बी. एल.' एवढीच आद्याक्षरे होती. सोबत फेटा बांधलेल्या एका माणसाचे चित्र होते. त्याच्या कपाळावर व्रण होता आणि चेहऱ्यावर नवे नाक. हा माणूस म्हणजे कावसजी. नाव पारशी वळणाचे वाटले, तरी पत्रलेखकाने त्याला मराठा शेतकरी म्हटले आहे. इंग्रजांच्या लष्करात तो बैल हाकण्याच्या कामावर होता. १७९२ च्या म्हैसूर युद्धात तो टिपूच्या कैदेत सापडला आणि तेथे त्याचे नाक व एक हात कापण्यात आला.

हात गेला की पोटाचा प्रश्न उभा राहतो; नाक गेले की माणसांत उठण्याबसण्याचा. मराठी भाषेने अब्रूचे घर नाकातच बांधले आहे. नाक राखावे, नाक कापले जाऊ नये, चारचौघांत नाक वर करून चालता यावे, हे सारे वाक्प्रचार उगाच जन्मले नाहीत. ज्या काळी नाक कापणे ही शिक्षा होती, त्या काळी तुटलेले नाक पाहणारा माणूस प्रथम दुखापत पाहत नसे. तो गुन्हा पाहत असे. कावसजीने कोणताही गुन्हा केला नव्हता, पण कलंक त्याच्या तोंडावर कोरला गेला होता. सुमारे बारा महिने त्याने तसे काढले. कंपनीचे निवृत्तिवेतन त्याला मिळत होते; गेलेले तोंड ते परत देऊ शकत नव्हते.

पुढे पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. हा माणूस वैद्य म्हणून नव्हे, तर विटा पाडणाऱ्यांच्या जातीतला, म्हणून पत्रात नोंदला गेला आहे. टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली. जेम्स वेल्स या चित्रकाराने जानेवारी १७९४ मध्ये, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, कावसजीचे चित्र काढले.

आज सुघटन शल्यचिकित्सकाच्या दालनात जाणारा रुग्ण साधारण चारच प्रश्न विचारतो. मार्ग कोणते? धोका किती? दिवस किती? आणि शेवटी दिसेल कसे? कावसजीनेही याहून वेगळे काही विचारले असेल असे वाटत नाही.

पहिला प्रश्न मार्गाचा. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, कान जोडण्याच्या विवेचनाला लागूनच, नाक घडविण्याची क्रिया सांगितली आहे. नाकाच्या मापाचे पान घ्यावे, तेवढी त्वचा गालावरून एका बाजूस जोडलेली ठेवून उचलावी, खरवडलेल्या नाकावर बसवावी आणि श्वासासाठी आत दोन नळ्या घालाव्यात, असा तिचा सारांश. पुण्याच्या कारागिराने गाल सोडून कपाळ निवडले. त्याने मेणाचे पातळ नाक घडविले, ते सपाट करून कपाळावर ठेवले, त्याभोवती रेघ ओढली आणि तेवढी त्वचा सोडविली; मात्र दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी तशीच राहू दिली. ती त्वचा अर्धा वळसा देऊन खाली आणली आणि नाकाच्या ताज्या केलेल्या कडांत खोवली. टाके घातले नाहीत. विड्यात घालतात तोच कात पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांवर पसरला आणि पाच-सहा पट्ट्या एकावर एक बसविल्या.

तिसरा मार्ग युरोपात होता. बोलोन्याच्या गास्पारे ताल्याकोत्सी याने १५९७ मध्ये व्हेनिस येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दंडाच्या त्वचेतून नाक करण्याची रीत वर्णिली. तीत दंड आणि चेहरा कित्येक दिवस एकत्र जखडून ठेवावे लागत. पुढे ही रीत बहुतांशी विस्मृतीत गेली.

दुसरा प्रश्न धोक्याचा, आणि येथे इतिहासाने सावधपणे बोलले पाहिजे. ही क्रिया बहुधा यशस्वी होते, असे पत्रात म्हटले आहे. परंतु अपयशाची गणती त्यात नाही. भूल नव्हती, ईथरची भूल जाहीरपणे यशस्वी ठरली ती १८४६ मध्ये, बॉस्टनला. जखम का चिघळते हेही ठाऊक नव्हते. लिस्टरची जंतुनाशक पद्धत १८६७ ची. मग पुण्याची क्रिया टिकली कशाने? त्या अरुंद पट्टीने. तिच्यातून रक्त वाहत राहिले आणि नवी जागा रुजेपर्यंत त्वचा जगली. रक्त पोचले तर नाक जगते, न पोचले तर काळे पडते. आजचा शल्यचिकित्सकही रुग्णाला तंबाखू आणि धूम्रपान आधीच थांबवावयास सांगतो, ते याच कारणाने. निकोटिनाने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, श्वासास अडथळा, भुलेचा त्रास आणि अपेक्षाभंग, हे धोके आज कमी झाले आहेत. नाहीसे झालेले नाहीत.

तिसरा प्रश्न दिवसांचा. कावसजीची कात लावलेली पट्टी चार दिवस काढली नाही. त्यानंतर तुपात भिजवलेल्या कापडाच्या घड्या ठेवल्या गेल्या. पाच-सहा दिवस उताणे पडून राहावयाचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे बोळे घालावयाचे. आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी ती पट्टी छेदावयाची. आजही कर्करोगाने खाल्लेले नाक कपाळाच्या त्वचेतून उभारताना तो दुवा साधारण तीन आठवड्यांनीच तोडतात. साधने बदलली, शरीराचे पंचांग बदलले नाही. केवळ आकार सुधारण्यासाठी केलेल्या नाकाचा बाह्य आधार आठवड्याभरात निघतो, काळेनिळेपणा दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. पण अंतिम आकार दिसावयास सुमारे वर्ष जाते. उतावळ्या रुग्णाला हे उत्तर रुचत नाही, पण खरे उत्तर तेच.

त्या पत्राचे पुढे मोठे फळ निघाले. लंडनच्या जोसेफ कॉन्स्टंटाइन कार्प्यू याने मृतदेहांवर सराव करून २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका लष्करी अधिकाऱ्यावर ही क्रिया केली आणि १८१६ मध्ये दोन यशस्वी शस्त्रक्रियांचा वृत्तांत छापला. १८१८ मध्ये बर्लिनच्या ग्रेफे याचा ग्रंथ आला. पहिल्या महायुद्धात हॅरॉल्ड गिलिज याने सिडकपच्या रुग्णालयात हजारो सैनिकांचे चेहरे पुन्हा उभारले. मध्यंतरी, १८९८ मध्ये, बर्लिनच्या जॅक जोसेफ याने एका माणसाचे धडधाकट, परंतु मोठे नाक लहान केले. कारण त्या नाकापायी तो माणसांत जाईनासा झाला होता. येथे दुरुस्ती आणि सौंदर्य यांमधली रेघ पुसट झाली. व्यंग लोकांनी केलेले असो वा जन्माचे, दुःख लोकांच्या नजरेचेच होते.

हा धागा पुण्याजवळ पुन्हा परतला. विसाव्या शतकाच्या मध्यास डॉ. नोशीर अंतिया यांनी कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात, रोगाने बसलेली नाके आणि वाकलेली बोटे सुधारण्याचे काम हाती घेतले. रोग बरा झाला तरी खूण राहिली की गाव दार उघडत नाही, हा त्या रुग्णांचा अनुभव कावसजीस परका वाटला नसता.

चौथा प्रश्न, दिसेल कसे? नवे नाक घट्ट बसते, जवळजवळ मूळच्यासारखे दिसते आणि कपाळावरचा व्रण काळाने फिका होतो, अशी ग्वाही १७९४ च्या पत्राने दिली. 'जवळजवळ' हा शब्द त्यात महत्त्वाचा. प्रामाणिक शल्यचिकित्सक आजही त्यापुढे जात नाही.

त्या पत्रात रुग्णाचे नाव राहिले, साक्षीदारांची राहिली. ज्या हातांनी ते नाक घडविले, त्यांचे नाव लिहून ठेवावे असे कोणासही वाटले नाही. जगातील शल्यचिकित्सकांच्या ग्रंथांत त्याची रीत मात्र 'भारतीय पद्धती' या नावाने अजून शिकविली जाते.