एका रक्तपरीक्षेची जन्मकथा

पन्नाशी ओलांडलेल्या गृहस्थाच्या हातीं आरोग्यतपासणीचा जो कागद हल्लीं येतो, त्यांत साखर व चरबी यांच्या खालीं पुष्कळदां 'पी. एस. ए.' हीं तीन अक्षरें असतात. आंकडा 4 च्या आंत असला कीं मंडळी निर्धास्त. वर गेला कीं घरादाराची झोप उडते. या आंकड्याला एवढा अधिकार आला कोठून, हें पाहूं गेल्यास असें दिसतें कीं, ही परीक्षा मुळांत निराळ्याच प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं वापरांत आली होती.

1938 सालीं न्यूयॉर्क येथें अलेक्झांडर व एथेल गटमन यांना, पौरुषग्रंथीचा म्हणजे प्रॉस्टेटचा कर्करोग हाडांपर्यंत पसरलेल्या रुग्णांच्या रक्तांत 'ॲसिड फॉस्फटेज' नांवाचें द्रव्य वाढलेलें आढळलें. 1941 सालीं शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनीं हेंच द्रव्य मोजून दाखविलें कीं, पुरुषी अंतःस्राव बंद केल्यास हा रोग ओसरतो. त्यांना 1966 चें नोबेल पारितोषिक मिळालें. मात्र येथें रोग अगोदरच ठाऊक होता. रक्त फक्त त्याची खबर देत होतें.

1979 सालीं बफेलोच्या रॉझवेल पार्क संस्थेंत वांग, चू आदि संशोधकांनीं या ग्रंथींतील एक प्रथिन शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें, आणि लवकरच तें रक्तांतही मोजतां येऊं लागलें. 'प्रॉस्टेट स्पेसिफिक अँटिजेन' हें त्याचें नांव. पुढील घोटाळ्याचें मूळ, माझ्या मतें, या नांवांतच आहे. तें प्रथिन विशिष्ट आहे तें ग्रंथीला, कर्करोगाला नव्हे. वयोमानानें ग्रंथि वाढली किंवा तिला सूज आली तरीही आंकडा चढतो. अमेरिकन औषधखात्यानें 1986 सालीं या परीक्षेला मान्यता दिली, ती रोग ठरलेल्या रुग्णांवर नजर ठेवण्यापुरती. आणि त्या कामीं ती उत्तमच होती. ग्रंथि समूळ काढल्यावर आंकडा जवळजवळ शून्यावर येतो. पुन्हा चढूं लागला तर रोग परतल्याची चाहूल लागते.

1991 सालीं विल्यम कॅटलोना यांनीं पन्नाशीच्या पुढील 1,653 निरोगी पुरुषांवर तिचा प्रयोग प्रसिद्ध केला, आणि 1994 सालीं रोग हुडकण्यासाठींही तिला मान्यता मिळाली. 'या रोग्याचें कसें काय चाललें आहे?' हा प्रश्न मागें पडून 'या धडधाकट माणसाला रोग आहे काय?' हा पुढें आला. वास्तविक या प्रश्नांतील खांचखळगे 1935 पासूनच ठाऊक होते. त्या वर्षीं बाल्टिमोरच्या अर्नोल्ड रिच यांना पन्नाशीवरील पुरुषांच्या शवविच्छेदनांत शेंकडा 14 जणांच्या ग्रंथींत कर्करोग दिसला होता, आणि त्यांतील पुष्कळांबद्दल हयातींत तशी शंकाही कोणास आली नव्हती. असा निद्रिस्त रोग जागा करून त्यावर शस्त्र चालविलें, तर मूत्रावरील ताबा व पुरुषत्व यांना मुकण्याची भीति असते. उलट, 2004 सालच्या एका अमेरिकन पाहणींत 4 च्या आंत आंकडा असलेल्या 2,950 जणांपैकीं शेंकडा 15 जणांना कर्करोग निघाला! म्हणजे ही सीमारेषा दोन्हीं बाजूंनीं कच्ची.

2009 सालीं युरोपांतील मोठ्या प्रयोगाचा निकाल लागला: मृत्यु पंचमांशानें घटले, पण एक मृत्यु टाळण्यासाठीं 1,410 जणांची तपासणी व 48 जणांवर जादा उपचार करावे लागले. त्याच वेळीं अमेरिकन प्रयोगांत लाभ दिसला नाहीं. मात्र तेथील तुलनेच्या गटांतील अनेकांनीं बाहेर तपासणी करून घेतली होती. 1970 सालीं या ग्रंथींतील प्रतिजनाचें वर्णन करणारे रिचर्ड ॲब्लिन यांनींच 2010 सालीं सरसकट तपासणीवर कडक टीका केली. 2012 सालीं अमेरिकन तज्ज्ञमंडळानें ती नकोच म्हटलें, तर 2018 सालीं 55 ते 69 वयाच्या पुरुषांनीं वैद्याशीं विचारविनिमय करून ठरवावें, असें सांगितलें. युरोपीय प्रयोगाच्या 23 वर्षांच्या निरीक्षणांत हिशेब बराच सुधारला आहे: 456 जणांना तपासणीस बोलावल्यास एक मृत्यु टळतो.

आतां सुई टोचण्यापूर्वीं पुष्कळ ठिकाणीं एम. आर. आय. काढतात, आणि रोग सौम्य दिसला तर शस्त्र न चालवितां ठराविक मुदतीनें हीच रक्तपरीक्षा करून त्यावर लक्ष ठेवतात.