हॉथॉर्नचे दिवे आणि श्रमिकाचे मन

माणूस जीव ओतून काम का करतो, हा प्रश्न श्रमाइतकाच जुना आहे. मात्र त्याचे उत्तर मोजमापाने काढता येईल, असे वाटू लागले ते यंत्रयुगात. अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर याने १९११ साली शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे ग्रंथरूपाने मांडली. कामाचे बारीक भाग पाडावेत, प्रत्येक भागाला लागणारा वेळ घड्याळाने मोजावा आणि जो अधिक माल काढील त्यास अधिक मजुरी द्यावी, असे त्याचे प्रतिपादन होते. त्यात श्रमिकाच्या हातांचा विचार होता, खिशाचाही होता. मनाला मात्र फारसे स्थान नव्हते.

मनाचा प्रश्न पुढे आला तो शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या या अवाढव्य कारखान्यात टेलिफोनची साधने तयार होत. उजेड वाढविला तर काम वाढते काय, हे पाहण्यासाठी तेथे १९२४ मध्ये प्रयोग सुरू झाले. निष्कर्ष चक्रावून टाकणारे होते. उजेड वाढविलेल्या गटाचे काम वाढले आणि तुलनेसाठी जुन्याच उजेडात ठेवलेल्या गटाचेही वाढले. एका चाचणीत तर चांदण्याइतक्या मंद प्रकाशातही दोघी कामगार स्त्रियांचे काम घटले नाही.

१९२७ मध्ये पाच तरुण स्त्रियांना एका वेगळ्या खोलीत बसविण्यात आले. टेलिफोन यंत्रणेतील 'रिले' नावाचा सुमारे पस्तीस सुट्या भागांचा नग साधारण मिनिटभरात जुळवायचा, हे त्यांचे काम. त्यांना मधली विश्रांती दिली, अल्पोपाहार दिला, कामाचे तास कमी केले. उत्पादन चढत गेले. पुढे या सवलती काढून घेतल्या, तरीही आठवड्याचे उत्पादन पूर्वीच्या पातळीवर उतरले नाही. हार्वर्डचे प्राध्यापक एल्टन मेयो यांनी यातून अर्थ काढला, की आपली कोणी दखल घेतो, आपला एक जिव्हाळ्याचा गट आहे, या भावनेने माणूस काम करतो. व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांतून हीच कथा पुढे जगभर पोहोचली.

परंतु या कथेत दोन गोष्टी सहसा गाळल्या जातात. पहिली मजुरीची. पूर्वी या स्त्रियांची मजुरी मोठ्या विभागाच्या एकूण उत्पादनावर ठरे. प्रयोगाच्या खोलीत ती त्यांच्याच छोट्या गटाच्या कामावर ठरू लागली. दुसऱ्या एका गटाला केवळ मजुरीची ही पद्धत लागू केली, तेव्हा त्याचे उत्पादन बारा-तेरा टक्क्यांनी वाढले आणि ती काढून घेताच खाली आले. उलट अभ्रकाचे पापुद्रे सोलणाऱ्या गटाची मजुरीची पद्धत बदलली नव्हती, तरी त्याचेही तासाचे उत्पादन आरंभी वाढले. तेव्हा खिसा खरा की मन खरे, असा सरळ निवाडा करणे कठीण आहे.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. मूळच्या पाचजणींपैकी दोघी फार बोलतात, सहकार्य करीत नाहीत, म्हणून जानेवारी १९२८ मध्ये त्यांना खोलीतून हलविण्यात आले. त्यांच्या जागी आलेल्या दोघींपैकी एकीवर घराचा आर्थिक भार होता. उत्पादनाने त्यानंतर चांगलाच वेग घेतला. आणि त्याच वर्षी कंपनीने कामगारांचे मनोगत ऐकण्याचा मोठा उपक्रम हाती घेतला! सुमारे एकवीस हजार कामगारांच्या मुलाखती झाल्या. ठरीव प्रश्न विचारण्यापेक्षा माणसाला मोकळेपणी बोलू द्यावे, हे लवकरच ध्यानात आले आणि अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासापर्यंत लांबली.

१९३१-३२ मध्ये चौदा पुरुष कामगारांच्या निरीक्षणातून आणखी एक सत्य समोर आले. दिवसाचे 'रास्त' काम किती, हे त्यांनी आपसांत ठरविले होते. त्याहून अधिक करणाऱ्याच्या दंडावर साथीदार गुद्दा मारीत. फार माल काढला तर दर उतरतील, कोणाची तरी नोकरी जाईल, ही त्यांची भीती होती. संशोधकांना यात तर्कापेक्षा भावना अधिक दिसली. पण बाहेर महामंदीचे दिवस होते, आणि त्या मंदीनेच १९३२ मध्ये हा प्रयोगही थांबविला.

१९६७ साली अॅलेक्स केरी यांनी मेयोपंथीयांच्या निष्कर्षांवर कठोर टीका केली. पुढे हरवलेली मानली गेलेली उजेडाच्या प्रयोगांची आकडेवारी हाती आली. तिची २०११ साली प्रसिद्ध झालेली फेरतपासणीही प्रचलित कथेला फारसा आधार देत नाही. कारखाना तर १९८३ मध्येच बंद पडला होता.

तरीही हॉथॉर्नचे मोल उरतेच. श्रमिकाला मन आहे, हे तेथे कागदावर नोंदले गेले. मात्र त्या मनाकडे पाहण्याचा हेतू बहुधा एकच राहिला : काम अधिक कसे निघेल? मुलाखतीत ऐकून घेतलेल्या माणसाला दर ठरविताना किंवा नोकरकपात होताना शब्द नव्हता. कामगाराची उमेद टिकावी असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी त्या दोघी बोलक्या स्त्रियांची आठवण ठेवावी. गैरसोयीचे बोलणाऱ्यालाही जेथे जागा असते, तेथेच ऐकून घेण्याला अर्थ असतो.