पटकीतही शाबूत राहणारे आतडे

पटकीचा रोगी मरतो तो मुख्यतः अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. धडधाकट माणसाला तासाला लिटरभर जुलाब होतात आणि दिवस मावळायच्या आत त्याचे डोळे खोल जातात, नाडी हाताला लागेनाशी होते. १८१७ साली बंगालमधून निघालेली ही साथ शंभर वर्षे जगभर फिरत राहिली. महाराष्ट्रातल्या गावोगावी तिला मरीआईचा कोप मानत आणि देवीचा गाडा शिवेपार नेऊन सोडत. तिच्यावरचा सर्वांत परिणामकारक उपाय पाणी, मीठ आणि साखर एवढ्यावर उभा आहे. या तिन्ही वस्तू स्वस्त आणि सहज मिळणाऱ्या. तरीही पाजलेल्या पाण्याने पटकीचा रोगी वाचतो हे निर्विवाद सिद्ध व्हायला १९६८ उजाडावे लागले. हा उशीर साधनांच्या अभावाने झाला नाही. आजारी आतडे निकामी होते, या चुकीच्या समजुतीने तो घडवला, असे माझे म्हणणे आहे.

तोटा कशाचा होतो हे फार लवकर कळले होते. विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने १८३१ मध्ये पटकीच्या रोग्यांचे रक्त तपासून त्यातले पाणी आणि क्षार घटल्याचे दाखवले. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये थॉमस लाटा यांनी क्षारयुक्त पाणी थेट शिरेत सोडले आणि मरणाच्या दारातले काही रोगी उठून बसले. निर्जंतुक द्रव आणि सुया नसलेल्या त्या काळात हा मार्ग मागे पडला. विसाव्या शतकाच्या आरंभी लिओनार्ड रॉजर्स यांनी कोलकात्यात शिरेतल्या सलाइनला पुन्हा बळ दिले आणि मृत्यूंचे प्रमाण बरेच खाली आणले. पण तोंडाने पाणी देण्याकडे वैद्यकाने पाठच फिरवली. त्यामागे शवविच्छेदनाचा पुरावा होता: मेलेल्या रोग्याच्या आतड्याचे अस्तर सोलून निघालेले दिसे. सोललेले आतडे काय शोषणार? म्हणून त्याला विश्रांती द्या, तोंडाने काही देऊ नका, असा उपदेश पिढ्यान्‌पिढ्या चालला. ते अस्तर मृत्यूनंतर कुजून सुटलेले असते, ही शक्यता तपासायला जिवंत रोग्याचे आतडे पाहणे भाग होते.

इथे आतड्याची रचना समजून घ्यायला हवी. निरोगी माणसाच्या लहान आतड्यात दिवसाला सात ते नऊ लिटर द्रव उतरतो. प्यायलेले पाणी त्यात दोनेक लिटरच असते. बाकी लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा आणि आतड्याचा रस. यातले बहुतेक सारे परत शोषले जाते आणि शौचावाटे शंभर-दोनशे मिलिलिटरच बाहेर पडते. म्हणजे आतडे हे मुळात पाणी परत मिळवणारे इंद्रिय आहे. स्राव मुख्यतः अस्तरातल्या खोलगट ग्रंथींतून होतो, शोषण मुख्यतः वर उभ्या असलेल्या बोटांसारख्या उंचवट्यांतून. कोलकात्याचे शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवले की जंतू गाळून काढलेल्या द्रवानेही पटकीसारखा स्राव सुटतो. म्हणजे काम विषाचे आहे. १९६० मध्ये युजीन गँगारोसा आणि सहकाऱ्यांनी बँकॉकच्या जिवंत रोग्यांच्या आतड्याचे तुकडे तपासले, तेव्हा अस्तर जागच्या जागी होते. त्याच वर्षी प्रागमध्ये रॉबर्ट क्रेन यांनी मांडले की ग्लुकोज पेशीत शिरताना सोडियमला बरोबर घेऊन जाते. सोडियममागे पाणी जातेच. पटकीचे विष स्राव सुसाट सोडते, पण ग्लुकोज आणि सोडियमची ही जोडवाट बंद करत नाही. मिठाला साखरेची जोड मिळाली की पाणी आत घेतले जाते.

घरोघर पेज आणि साखरपाणी पाजलेच जात होते, मग नवे काय, असा आक्षेप येईल. तो अर्धा खरा आहे. कोलकात्याचे हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ मध्ये मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजून सौम्य पटकीचे रोगी बरे केल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये छापले होते, आत किती गेले आणि बाहेर किती पडले याची मोजणी नसल्याने ते कोणी मनावर घेतले नाही. मोजणीवाचून केलेला उपचार घातकही ठरतो. साखर जास्त झाली तर ती उलट आतड्यात पाणी ओढते, आणि घोट-दोन घोट पाजून लिटरांची तूट भरत नाही. रॉबर्ट फिलिप्स यांच्या फिलिपाइन्समधल्या चाचणीत काही रोगी दगावले आणि त्यांनी हात आखडता घेतला. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नालिन आणि रिचर्ड कॅश यांनी जितके बाहेर पडेल तितके पाजायचे हा हिशेब काटेकोर पाळला. शिरेतल्या सलाइनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी घटली. लोकांच्या रीतीला प्रमाणाची आणि कारणाची जोड मिळाली, तेव्हाच तिचा खात्रीचा उपचार झाला.

दुसरा आक्षेप त्या काळच्या तज्ज्ञांचाच होता: रुग्णालयाबाहेर हे जमणार नाही. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली आणि बनगावच्या रुग्णालयात सलाइन पुरेना. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा अशा पुड्या बांधवल्या आणि पाजण्याचे काम रोग्यांच्या नातेवाइकांवर सोपवले. आधी ३० टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यू त्यांच्या देखरेखीखालच्या तीन हजारांहून अधिक रोग्यांत ३.६ टक्क्यांवर आले. शुद्धीवर नसलेल्याला, नाडी बुडालेल्याला सलाइन लागतेच, हे महालनबीसही मानत होते. पण बाकीच्यांसाठी आईच्या हातातला पेला पुरेसा असतो, हे बनगावने दाखवले.

शुद्ध पाणी आणि मैल्याची व्यवस्था हाच पटकीवरचा खरा इलाज, हे म्हणणेही मला पूर्ण मान्य आहे. मीठ-साखरेचे हे पाणी, म्हणजे जलसंजीवनी, साथ थोपवत नाही. मात्र नळ येईपर्यंत आजारी पडणाऱ्या मुलाला आजच जगवायचे असते. अजूनही हगवण लागलेल्या मुलाचे खाणे-पिणे तोडले जाते आणि पुडीपेक्षा सलाइनच्या बाटलीवर अधिक विश्वास ठेवला जातो. जुना गैरसमज असा दवाखान्यात आणि घरात टिकून आहे. म्हणून शाळेत पचनसंस्था शिकवताना अवयवांची नावे पाठ करून घेऊन थांबू नये. जुलाबातही आतडे पाणी शोषते, त्याला मीठ आणि साखर योग्य प्रमाणात द्यावी लागते, हे प्रत्येक मुलाला कळले पाहिजे. या ज्ञानाची किंमत आधीच्या पिढ्यांनी जिवानिशी मोजली आहे.