गाळलेलं सबटायटल

२००४ च्या फेब्रुवारीत मी ऑनसाइट होतो, अमेरिकेत. बाहेर बर्फ, डोक्यावर रिलीज, आणि कॅंटीनमध्ये विषय एकच: मेल गिब्सनचा 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट'. २५ फेब्रुवारीला, म्हणजे राखेच्या बुधवारी, तो लागला. आमचा कॅथलिक टीम लीड बायकोला घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी सुजलेल्या डोळ्यांनी ऑफिसात आला. शेजारच्या क्यूबिकलमधला ज्यू टेस्टर मात्र त्या विषयावर गप्प. मला वाटायचं, पिक्चर तो पिक्चर, त्यात एवढं काय?

मग एका शनिवारी वाचायला बसलो. (तसं पिक्चर म्हणजे नुसता पिक्चर नसतो हे मला ठाऊक असायला हवं होतं. आपले दादासाहेब फाळके मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट बघूनच पेटले होते.)

सगळ्या भांडणाच्या मुळाशी मत्तयच्या शुभवर्तमानातली एक ओळ आहे, सत्ताविसाव्या अध्यायातली. पिलात हात धुतो, आणि समोरचा जमाव त्या रक्ताची जबाबदारी स्वतःवर आणि मुलाबाळांवर घेतो. या एका ओळीच्या आधारावर युरोपात शतकानुशतकं ज्यूंना 'देवाचे मारेकरी' ठरवलं गेलं. पवित्र आठवड्यात तर ज्यू वस्त्यांवर हल्लेही व्हायचे. वास्तविक क्रूस ही रोमन शिक्षा. आणि फिलो, जोसेफस यांच्या लिखाणात दिसणारा पिलात चांगलाच क्रूर आहे. पडद्यावर मात्र तो बिचारा द्विधा मनःस्थितीत!

१९२७ मध्ये सेसिल डीमिलच्या 'द किंग ऑफ किंग्ज'वरही ज्यू संघटनांनी आक्षेप घेतला होता. त्या चित्रपटाचा एक सल्लागार होता डॅनियल लॉर्ड नावाचा जेझुइट पाद्री. डीमिलने बदल केले. महायाजक रोमने नेमलेला होता अशी पाटी आली, आणि कैफा शेवटी सगळा दोष एकट्याने घेतो. गंमत म्हणजे कैफा आणि यहूदा, दोन्ही भूमिका ज्यू नटांनी केल्या होत्या, आणि ते बापलेक होते.

मग झाला होलोकॉस्ट. चर्चने २८ ऑक्टोबर १९६५ ला 'नोस्त्रा एताते' जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटलं की ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सरसकट सगळ्या ज्यूंवर टाकता येणार नाही, आजच्या ज्यूंवर तर नाहीच. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या बिशपांच्या समितीने अशा नाट्यरूपांतरांसाठी निकषच काढले. 'बायबलात तसं आहे' एवढं उत्तर पुरेसं नाही, असं त्यात आहे. म्हणजे २००४ चा वाद 'ज्यू विरुद्ध कॅथलिक' असा सरळ नव्हताच. २००३ मध्ये पटकथा वाचून आक्षेप घेणाऱ्या अभ्यासकांमध्ये दोन्हीकडचे लोक होते.

पण माझा लीडही खोटं रडला नव्हता. कॅथलिक माणूस लहानपणापासून चर्चमध्ये 'क्रूसाच्या वाटे'चे चौदा टप्पे चालत आलेला असतो. वेरोनिका येशूचं तोंड पुसते, हे शुभवर्तमानांत नाही, पण त्या टप्प्यांत आहे आणि चित्रपटातही आहे. त्याला पडद्यावर इतिहास दिसतच नव्हता, प्रार्थना दिसत होती. माझं मत विचाराल तर गिब्सनची चूक इथेच आहे. त्याने प्रार्थना 'असंच घडलं' म्हणून विकली. वर अॅन कॅथरिन एमरिक या १९व्या शतकातल्या जर्मन जोगिणीच्या दृष्टांतांवरून प्रसंग उचलले. ते दृष्टांत मुळात एका कवीने लिहून काढलेले. असो.

आणि ती ओळ? आरडाओरडा झाल्यावर गिब्सनने तिचं सबटायटल काढलं. संवाद आरामाइकमध्ये तसाच ठेवला.

हे मी टेस्टरला कौतुकाने सांगितलं, तडजोड झाली की, म्हणून. तो पहिल्यांदाच बोलला. आजोबा गेले तेव्हा तो वर्षभर कद्दिश म्हणत होता, आणि कद्दिश आरामाइकमध्येच असते. 'रक्त', 'आमच्यावर', 'मुलं' हे शब्द कळायला त्याला सबटायटल लागलं नव्हतं.

"काढलं ते तुमच्यासाठी," तो म्हणाला, आणि परत बग लिहायला लागला.