एक्सचेंज आपले, तर बॅटरीही आपली

सिग्नल्समधला तरुण अधिकारी म्हणून मी महूला शिकत होतो, तेव्हा उस्ताद एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावत : लाइन चालू असली तरी रनर तयार ठेवा. या वाक्याची खरी किंमत मला निवृत्तीनंतर एका रुग्णालयात कळली. त्याआधी थोडा इतिहास सांगतो.

जुन्या टेलिफोनची तांब्याची तार आवाजाबरोबर वीजही आणत असे. टेलिफोन खात्याच्या एक्सचेंजमध्ये 48 व्होल्टची बॅटरी असायची. त्यामुळे गावात अंधार झाला, तरी थेट लाइनवरचा फोन वाजायचा. रुग्णालयाच्या आतले एक्सचेंज मात्र कंपनीचा बंद डबा असे. एक विभाग जोडायचा, तरी कंपनीच्या माणसाची वाट पाहायची.

1999 मध्ये अमेरिकेतल्या अलाबामात मार्क स्पेन्सर या विद्यार्थ्याला आपल्या छोट्या व्यवसायासाठी एक्सचेंज हवे होते. विकतचे परवडेना, म्हणून त्याने संगणकावर चालणारे एक्सचेंज स्वतःच लिहिले आणि सर्वांना खुले केले. तेच ॲस्टेरिस्क. इंटरनेटवरून कॉल जोडण्याची ‘सिप’ ही पद्धतही त्याच वर्षी प्रमाणित झाली. भारतात इंटरनेट टेलिफोनीला 1 एप्रिल 2002 पासून परवानगी मिळाली, पण देशातल्या साध्या फोनशी ती जोडता येत नव्हती. ती वाट 2018 मध्ये मोकळी झाली. इमारतीच्या आत बोलायला मात्र आपलेच नेटवर्क पुरते.

म्हणून एका छोट्या धर्मादाय रुग्णालयात मी जुन्या संगणकावर ॲस्टेरिस्क बसवले. प्रत्येक वॉर्डात फोन आला. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी 20 सेकंदांत उचलला नाही, तर कॉल आपोआप पुढच्या डॉक्टरांकडे जाई. सगळे खूश होते. मी जरा जास्तच.

मग एका पावसाळी रात्री वीज गेली आणि जनरेटर लगेच सुरू होईना. प्रसूतिकक्षात एका बाईला रक्तस्राव होत होता. सिस्टरने फोन उचलला, तर तो मुका! मोबाईलला तिथे रेंज नव्हती. शेवटी आयाबाई अंधारात जिना उतरून धावत गेल्या आणि डॉक्टरांना घेऊन आल्या. बाई वाचली.

चूक माझी होती. एक्सचेंजचा संगणक मी यूपीएसवर ठेवला होता. पण ज्या नेटवर्क स्विचमधून फोनला वीज मिळते, तो थेट भिंतीतल्या प्लगवर होता. उभी हयात सिग्नल्समध्ये काढलेल्या माणसाने ही चूक करावी!

आता स्विचही यूपीएसवर आहे. अपघात विभागात तांब्याची एक थेट लाइन राखली आहे. महिन्यातून एकदा आम्ही मुद्दाम मेन स्विच पाडून प्रत्येक फोन उचलून पाहतो. रात्रपाळीच्या तक्त्यावर रोज एक नाव जास्तीचे असते, रनरचे. पहिले नाव त्या आयाबाईंचे लिहिले.

कंपनीच्या डब्यातून आपण सुटलो, हे चांगलेच झाले. पण पूर्वी जी बॅटरी टेलिफोन खाते सांभाळत होते, ती आता आपल्याला सांभाळायची आहे. तुमच्या गावातल्या रुग्णालयात असे फोन असतील, तर एवढेच विचारा : वीज गेल्यावर हे वाजतात का? जय हिंद.