वेर्थरचा मृत्यु आणि मागें राहिलेले

कादंबरी वाचून तरुण माणसें बिघडतात काय, हा वाद आपल्याकडे जुना आहे, तसा तो युरोपांतहि जुना आहे. बहुधा एका पक्षानें 'पुस्तकें बंद करा' म्हणावें, दुसऱ्यानें 'कला स्वतंत्र आहे' म्हणावें, आणि वाद तेथेंच संपावा, असा क्रम दिसतो. परंतु कोवळ्या वयांतील आत्महत्या हा ज्या कथेचा विषय आहे, तिच्यापुरता तरी हा प्रश्न इतक्या स्वस्तांत सुटत नाहीं. २००७ सालीं अमेरिकेंत जे अॅशर या लेखकाची 'थर्टीन रीझन्स व्हाय' ही कुमारवयीन वाचकांसाठीं लिहिलेली कादंबरी प्रसिद्ध झाली. हॅना नांवाची शाळकरी मुलगी मरणापूर्वीं आपली कहाणी ध्वनिफितींवर सांगून ठेवते, आणि क्ले नांवाचा तिचा सोबती ती मागाहून ऐकतो, अशी तिची रचना आहे. २०१७ सालीं तीवरून मालिका निघाली तेव्हां मोठा गदारोळ उठला, आणि २०१९ सालीं तींतील मरणाचें दृश्य काढून टाकण्यांत आलें. हा वाद आजचा भासतो. पण त्याचें मूळ पाहावयाचें तर अडीचशें वर्षें मागें, जर्मनींतील वेट्झलार या लहानशा नगरांत गेलें पाहिजे.

१७७२ च्या उन्हाळ्यांत तरुण गटे तेथील साम्राज्य-न्यायालयांत उमेदवारी करीत होता. शार्लोट बुफ या मुलीवर त्याचें मन जडलें; पण तिचा वाङ्निश्चय केस्टनर याच्याशीं आधींच झाला होता, म्हणून तो निघून गेला. पुढें लौकरच, ऑक्टोबरांत, तेथील कार्ल व्हिल्हेल्म येरूसालेम या पंचवीस वर्षांच्या चिटणिसानें आत्महत्या केली. वरिष्ठाशीं खटके, उच्चकुलीनांनीं केलेला अपमान आणि विवाहित स्त्रीवरील निष्फळ प्रेम, असें दुःख त्याच्या वांट्यास आलें होतें. केस्टनरनें ही हकीकत गटेस सविस्तर कळविली. गटेनें आपलें प्रेम आणि येरूसालेमचें मरण एका सूत्रांत ओविलें, आणि १७७४ सालीं वेर्थरची पत्ररूप कादंबरी जन्मास आली.

तिनें केवढें वेड लावलें हें प्रसिद्धच आहे. तरुण वेर्थरसारखा निळा कोट आणि पिवळी बंडी घालूं लागले. लाइप्झिग येथें १७७५ सालीं पुस्तकावर आणि त्या पोषाखावरहि बंदी आली. ती १८२५ पर्यंत टिकली. अनुकरणानें झालेल्या मृत्यूंच्या कथा पुष्कळ पसरल्या. खात्रीच्या मात्र थोड्या. तरी एक घटना गटेच्या दारांतच घडली. १७७८ च्या जानेवारींत क्रिस्टेल फॉन लासबर्ग ही तरुणी वायमार येथें त्याच्या उद्यानगृहाजवळ मृत सांपडली. तिच्यापाशीं वेर्थरची प्रत होती, असें लोक म्हणत. तिच्या स्मरणार्थ एक एकांतस्थान तयार करण्याच्या कामीं गटे स्वतः लागला. परंतु असल्या शोकालाहि एक घातक ओढ असते, असें त्याच वेळीं त्यानें एका पत्रांत लिहिलें. ज्यानें ती ओढ शब्दांत उतरविली, त्याच्याच लेखणींतून हा इशारा यावा, हें विसरतां येत नाहीं.

मागें राहिलेल्यांचें काय झालें? कादंबरीचा शेवट अंत्यविधीच्या चार कोरड्या वाक्यांत होतो. लोटेच्या जिवाची काळजी वाटूं लागली, एवढें सांगून लेखक पुढें सरकतो. प्रत्यक्षांत केस्टनर पति-पत्नींस आपला संसार चव्हाट्यावर आल्याचें दुःख झालें. येरूसालेमचा स्नेही लेसिंग यास तर हें चित्रच मान्य नव्हतें. त्याचा मित्र भावनेच्या भरीं वाहून जाणारा दुर्बळ जीव नव्हता, विचारवंत होता. म्हणून १७७६ सालीं त्यानें येरूसालेमचे तत्त्वज्ञानविषयक निबंध छापून काढले. मेलेल्याच्या शेवटच्या घटकेऐवजीं त्याच्या जिवंतपणींचा विचार लोकांपुढें ठेवणें, हेंच लेसिंगचें उत्तर होतें.

पुढें १९७४ सालीं डेव्हिड फिलिप्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानें वृत्तपत्रांतील ठळक बातम्यांनंतर आत्महत्या वाढतात असें दाखवून या परिणामास वेर्थरचेंच नांव दिलें. व्हिएन्ना येथें भुयारी रेल्वेवरील अशा मृत्यूंच्या भडक बातम्या वाढल्या, तेव्हां १९८७ सालीं वार्ताहरांस संयमाचे नियम घालून देण्यांत आले, आणि ते मृत्यु लक्षणीय रीतीनें घटले. २०१० सालीं तेथीलच संशोधकांस आढळलें कीं, संकटांतून तरून गेलेल्या माणसाची हकीकत उलट तारक ठरते. या परिणामास त्यांनीं पापागेनोचें नांव दिलें. मोझार्टच्या १७९१ च्या संगीतिकेंतील हा पारधी जीव देण्यास निघतो, आणि तीन बालकें त्यास त्याच्या घंटांची आठवण देऊन परत फिरवितात.

आतां अॅशरच्या कादंबरीकडे वळूं. गटे जेथें थांबला तेथून ती आरंभ करते, हा तिचा गुण. पण तिचा दोषहि त्यांतच आहे. मेलेली हॅना बोलत राहते आणि सारे तिचें ऐकतात. जिवंतपणीं न मिळालेला कान मरणानें मिळतो, असा भास दुःखी मुलास सहज व्हावा. खरें मरण असें बोलत नाहीं. तें मुकेंच असतें, आणि बोलावयाचें राहून जातें तें मागच्यांचें. शेवटीं क्ले दुसऱ्या एका एकाकी मुलीस वाटेंत हांक मारतो. आमच्या मतें सबंध पुस्तकांत ती हांकच मोलाची आहे. असल्या पुस्तकावर बंदी घालण्यानें लाइप्झिगनें काय साधलें तें आपण पाहिलेंच. वडील माणसांनीं तें मुलाबरोबर वाचावें, आणि मिटल्यावर त्याचें म्हणणें शांतपणें ऐकावें. तीन बालकांनीं पापागेनोसाठीं याहून अधिक कांहीं केलें नव्हतें.