पाठीवरची पट्टी आणि मानेमागची झडप

१/ अमेरिकेतील उत्तर फ्लोरिडाच्या चुनखडीच्या खडकात पाण्याने कोरलेल्या कित्येक मैल लांबीच्या गुहा आहेत आणि त्या काठोकाठ पाण्याने भरलेल्या आहेत. १९७९ मध्ये ग्रेग फ्लॅनगन यांनी या गुहांत उतरणाऱ्या पाणबुड्यांसाठी पाठीवर बांधायची धातूची पट्टी, म्हणजेच बॅकप्लेट, घडवली. तिची गरज का भासली?

२/ जाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये ‘अ‍ॅक्वा-लंग’ सिद्ध केले आणि माणूस पाण्याखाली मोकळेपणी वावरू लागला. खुल्या समुद्रात संकट आले, तर निदान वर जाण्याची वाट असते. गुहेत मात्र डोक्यावर दगडी छत असते आणि आल्या वाटेनेच परतावे लागते. म्हणून गुहेत उतरणाऱ्यांनी पाठीवर दोन सिलिंडर घेतले.

३/ बहामातील अँड्रॉस बेटाच्या जलमग्न विवरांचे शोधक जॉर्ज बेंजामिन यांच्या नावाने ओळखली जाणारी जोडनळी येथे मोलाची ठरली. तिला श्वसनयंत्रासाठी दोन स्वतंत्र झडपा होत्या. एक यंत्र बिघडून हवा वाया जाऊ लागली, की त्याची झडप बंद करायची आणि दुसऱ्या यंत्रातून दोन्ही सिलिंडरांतील हवा घ्यायची.

४/ अडचण एवढीच, की या झडपा मानेमागे असतात. सिलिंडर खाली सरकले तर तेथवर हात पोचत नाही. खांद्यावरचे पट्टे फार आवळले तर कोपर वर उठत नाही. फार सैल सोडले तर सिलिंडर पाठीवर डोलतात.

५/ बॅकप्लेटने सिलिंडरांना पक्का आधार दिला. सिलिंडरांच्या कड्यांचे दोन बोल्ट तिच्या मध्यरेषेवरील छिद्रांत बसतात. या छिद्रांतील अंतर सुमारे २८ सेंटीमीटर. पुढे विल्यम होगार्थ मेन यांनी ही रचना विकसित केली. अनावश्यक ते सारे काढून टाकावे, हा त्यांचा आग्रह. त्यांच्या नावावरूनच या पद्धतीला ‘होगार्थियन’ म्हणतात.

६/ या हार्नेसमध्ये सुमारे ५ सेंटीमीटर रुंदीचा एकच अखंड पट्टा दोन्ही खांद्यांवरून कमरेपर्यंत येतो. खांद्यावर बकल नाही, म्हणून तुटण्याजोगा भागही नाही. याची किंमत अशी, की पाण्यात पट्टा सहज कमीजास्त करता येत नाही. माप जमिनीवरच जुळवावे लागते, तेही पाण्यात घालायचा पोशाख अंगावर चढवून.

७/ खांद्याच्या पट्ट्याखाली हाताचा पंजा सहज सरकला पाहिजे. कमरेचे बकल मध्यापासून किंचित उजवीकडे ठेवतात, म्हणजे मांड्यांमधून येणाऱ्या पट्ट्याखाली ते अडकत नाही. हा पट्टा सिलिंडरांना डोक्याकडे सरकू देत नाही. अखेरची कसोटी एकच : कुणाच्याही मदतीविना प्रत्येक झडप फिरवता येते का?

८/ त्याच १९७९ मध्ये शेक एक्सली यांची गुहेतील अपघातांची कारणे उलगडणारी पुस्तिका प्रसिद्ध झाली. बाहेरपर्यंत अखंड दोरी असावी, आत जाताना एक तृतीयांशच हवा खर्चावी, असे तिचे सांगणे होते. ज्या मृत्यूंतून हे नियम आले, त्याच भीतीने हार्नेसलाही आकार दिला.

९/ १९९० च्या दशकात वाकुला परिसरातील गुहांचा शोध घेणाऱ्या ‘वुडव्हिल कार्स्ट प्लेन प्रोजेक्ट’ने ही पद्धत काटेकोरपणे अंगीकारली आणि तेथून ती खुल्या समुद्रातील पाणबुड्यांपर्यंत पोचली. जोडसिलिंडर वापरायला शिकणाऱ्याला आजही मानेमागे हात नेऊन झडपा बंद करण्याचा आणि उघडण्याचा सराव पुन्हा पुन्हा करावा लागतो. हात पोचला नाही, तर पाण्याबाहेर येऊन आधी पट्टा जुळवायचा.